कोपऱ्याला कोपरा

हार्म : हात नको लावूस. आधी नाक लाव.

रेन्स्के : नाक कशाला लावू बाबा, इथे उभी राहूनच येतोय वास. बटाट्याचं तळघर उघडल्यासारखा.

हार्म : आणि हे बघ. सगळ्या कनातीवर तीळ पेरल्यासारखे काळे ठिपके. वीप्के, इकडे ये, बघ तुझ्या लाडक्या जावयाचे प्रताप.

वीप्के : बघितलं मी, हार्म. परवा पिशवी मीच उघडली ना.

हार्म : ओला गुंडाळला त्याने. ऑगस्टमध्ये ओला गुंडाळलेला तंबू अख्खा हिवाळा पिशवीत पडून. सुती कापड आहे हे. कूनच्या त्या फेकला की उघडणाऱ्या प्लॅस्टिकच्या तंबूसारखं नाही, की कसाही कोंबला तरी चालेल.

रेन्स्के : कूनने नाही गुंडाळला.

हार्म : तू नवऱ्याचीच बाजू घेणार.

रेन्स्के : बाजू कसली? तो तिथे होता कुठे? धाकट्याचा कान दुखायला लागला म्हणून आम्ही सगळेच तंबू उतरवायच्या आदल्या दिवशीच्या फेरीबोटीने घरी आलो. बेटावरच्या कॅम्पात मागे तुम्ही दोघंच होतात.

हार्म : दोघंच?

रेन्स्के : तू आणि आई.

हार्म : मग कुणीतरी मदतीला आलं असेल. शेजारच्या तंबूत तो जर्मन होता ना, गळ्यात दुर्बीण घालून पक्षी बघत फिरायचा. त्याला कशाला हात लावू दिलास, वीप्के?

वीप्के : चूक झाली.

रेन्स्के : आई.

वीप्के : चूक झाली म्हटलं ना. हार्म, शेडमधून तेवढा मऊ ब्रश आण.

हार्म : हां. आधी कोरडा ब्रश, मग पाणी. ओल्यावर घासलं की बुरशी धाग्यात शिरते. आणि वाऱ्याकडे पाठ करून घासायचं, नाहीतर सगळी धूळ छातीत. आणि रेन्स्के, ते ब्लीच आणलंयस ना, ते परत गाडीत ठेव. ब्लीचने डाग जातो आणि त्याच्याबरोबर तंबूही जातो.

रेन्स्के : मग काय लावायचं?

हार्म : व्हिनेगर. कोमट पाण्यात, स्पंजने, आतून आणि बाहेरून. साबण नाही, काही नाही. मग उन्हावाऱ्यात टांगून ठेवायचा, आणि वाळला वाटला की आणखी एक दिवस टांगायचा. आणलाच ब्रश.

रेन्स्के : गेला तो. आता बोल. कुठला जर्मन?

वीप्के : हळू बोल.

रेन्स्के : चोर सोडून संन्याशाला फाशी देतेस तू. परवा बाबाने कूनला फोन करून काय काय सुनावलं, माहितेय? तुला तंबूतलं काही कळत नाही, तू आमच्या घरात कशाला आलास. कून हसला, पण रात्री जेवला नाही.

वीप्के : कूनची माफी मागेन मी.

रेन्स्के : मला माफी नको. बाबाला डॉक्टरांकडे न्यायचं आहे. हिवाळ्यापासून सांगतेय तुला.

वीप्के : वय झालं त्याचं. वयाला डॉक्टर काय करणार?

रेन्स्के : वय झालं म्हणून माणूस चष्मा विसरतो, आई. हा माणूस कोण आहे? अख्ख्या कॅम्पात याला सगळे हवामानखातं म्हणायचे. निघायच्या सकाळी लोकांच्या तंबूत शिरून कापडाला गाल लावायचा आणि त्यांना सांगायचा, हा अजून ओला आहे, पुढच्या बोटीने जा. लोकांची बोट चुकवली याने. आणि तो स्वतःचा तंबू ओला गुंडाळेल?

वीप्के : नाही गुंडाळणार.

रेन्स्के : मग?

वीप्के : मग काय विचारतेस, पोरी. तुला माहीत आहे.

हार्म : घ्या. आणली मोगरी. खुंट्या कुठे आहेत?

रेन्स्के : बाबा, तू ब्रश आणायला गेला होतास.

हार्म : ब्रश?

वीप्के : मोगरीही लागेलच नंतर. ठेव ती इथे. ब्रश बादलीत आहे बघ, रेन्स्केने घरून आणलाय एक.

हार्म : मग मला कशाला पाठवलंत? बायकांचं काम, सहा महिने थांब. सरका, मी दाखवतो. असं. वरून खाली. जोर नाही लावायचा, धूळ झटकायची फक्त.

रेन्स्के : डाग आहे तसाच आहे.

हार्म : डाग राहणारच. बुरशी मरते, डाग राहतो. डागाने तंबू गळत नाही. आता असं धर, दोन अंगठ्यांच्या मध्ये, आणि ओढ. जोराने ओढ. फाटलं?

रेन्स्के : नाही.

हार्म : म्हणजे कापड जिवंत आहे. नशीब समज. एका हिवाळ्यातून वाचतो तो. पुन्हा ओला गुंडाळला की धागाच कुजतो, मग व्हिनेगर ओता नाहीतर देवाचं तीर्थ ओता, काही होत नाही.

वीप्के : मे महिन्यात, स्वर्गारोहणाच्या सणाच्या सुट्टीला नेता येईल का मग?

हार्म : का नाही? कूनलाही घेऊ. शिकवतो त्याला. पिशवी कुठे आहे? आणि ही दोरी कुणी कापली?

वीप्के : मी. गाठ सुटेना.

हार्म : सुटेना म्हणून चांगली दोरी कापायची? दे इकडे. जरा बाजूने दाबलं की सुटते ती...

रेन्स्के : काय झालं?

हार्म : ही गाठ कुणी मारली?

वीप्के : राहू दे ना, हार्म. कॉफी टाकू का?

हार्म : जर्मनाने नाही मारली. कूनला तर बुटाची नाडी बांधता येत नाही. ही गाठ माझ्या बापाने मला शिकवली, आमच्या मालाच्या नावेवर. ती मी कुणाला शिकवली नाही. तुलाही नाही, रेन्स्के. तू मागे लागली होतीस, तरी नाही.

रेन्स्के : बाबा, बस जरा.

हार्म : मला नको बसवू. वीप्के, ही माझी गाठ आहे.

वीप्के : हो.

हार्म : म्हणजे मी गुंडाळला.

वीप्के : आपण दोघांनी. दुसरं टोक मी धरलं होतं.

हार्म : पाऊस होता?

वीप्के : रात्रभर. सकाळी थांबला. वळचणीतून ठिबकत होतं, दोर ओले होते. तू गाल लावलास आणि म्हणालास, कोरडा आहे.

हार्म : आणि तू?

वीप्के : मीही लावला.

हार्म : मग?

वीप्के : भिजला माझा गाल.

हार्म : आणि बोलली नाहीस?

वीप्के : मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. तुझा गाल कधी चुकला नव्हता. नाही, हे खोटं आहे. मला तेव्हाच कळलं होतं. तू दोनदा विचारलंस, पोरं कुठे गेली म्हणून. दोनदा सांगितलं. तंबू ओला आहे म्हटलं असतं, तर बाकीचंही सगळं बोलावं लागलं असतं. मला भीती वाटली, हार्म. म्हटलं, घडी घालू, घरी जाऊ, घरी गेल्यावर बरं होईल.

रेन्स्के : आणि हिवाळाभर ही पिशवी तशीच?

वीप्के : रोज शेडच्या दारापर्यंत जायचे. उघडावी आणि वाळत टाकावी, तो बघणारही नाही असं वाटायचं. पण उघडली असती तर मग ते खरं मानावंच लागलं असतं ना. तशीच परत यायचे मी. सरपण घेऊन.

हार्म : मी कूनला काही बोललो का?

रेन्स्के : नाही, बाबा.

हार्म : खोटं नको बोलूस. इथे सगळ्याच खोटं बोलायला लागल्या.

रेन्स्के : बोललास. थोडंसं.

हार्म : त्याला सांग... मी सांगतो. मीच सांगेन. वीप्के, इकडे बघ. पुढच्या वेळी तोंडावर सांगायचं. हार्म, ओला आहे. एवढंच. मी चिडलो तरी सांगायचं. मी काहीही म्हटलं तरी.

वीप्के : सांगेन.

हार्म : कबूल?

वीप्के : कबूल.

हार्म : मला तेवढं तरी राहू दे. बाकी काय जायचंय ते जाऊ दे, पण लोकांनी असं नको म्हणायला की हार्मने ओला तंबू गुंडाळला.

वीप्के : नाही म्हणणार कुणी.

हार्म : आण ते व्हिनेगर. पाणी कोमटच ना? उन्हं आहेत तोवर धुऊन घेऊ.

(दुपारची जेवणं झाली आहेत. धुतलेला तंबू बागेत दोरीवर टांगलेला आहे, खालच्या गवतात पाणी ठिबकतं आहे.)

हार्म : चला, उतरवू या. घडी घालून टाकू.

रेन्स्के : बाबा, आत्ताच तर टांगला. जेवणाआधी.

हार्म : वारा आहे ना. हा बघ, गाल लावला. कोरडा खडखडीत. वीप्के, ते टोक धर.

रेन्स्के : आई, सांग त्याला.

वीप्के : हार्म.

हार्म : काय?

वीप्के : हार्म, ओला आहे.

हार्म : कोण ओला?

वीप्के : तंबू. ओला आहे तो. तूच म्हणालास सकाळी, की मी सांगायचं.

हार्म : मी म्हणालो? मी कशाला असं म्हणू? मला काय तंबू कळत नाही?

वीप्के : कळतो रे. पण तू कबूल करून घेतलंस माझ्याकडून.

हार्म : काय कबूल करून घेतलं?

रेन्स्के : बाबा, हे बघ, खाली बघ, पाणी पडतंय.

हार्म : ते झाडाचं पडतंय. तुम्ही दोघी काय कट करून बसलाय का? जन्मभर मी हा तंबू उतरवत आलोय. आज माझ्याच बागेत मला शिकवता? सगळ्यांसमोर? वीप्के, तू तरी... तू तरी नको ना असं बोलूस.

वीप्के : रडू नकोस.

हार्म : मी रडत नाही. मला फक्त कळत नाही की तू असं का बोलतेस.

वीप्के : चुकून बोलले. दे, कुठलं टोक धरू?

रेन्स्के : आई, काय करतेयस? दुसऱ्यांदा हा वाचायचा नाही. त्यानेच सांगितलं.

वीप्के : नाही वाचायचा.

रेन्स्के : मग?

वीप्के : मग तू मधली शिवण धर. जमिनीला लागू देऊ नकोस.

रेन्स्के : मी नाही धरणार.

वीप्के : नको धरूस. तो एकटा उचलेल मग, आणि त्याच्या पाठीत उसण भरेल. त्यापेक्षा धर.

हार्म : धरलंस ना, पोरी? शाब्बास. आता माझ्याकडे चाला. घाई नाही. कोपऱ्याला कोपरा लावायचा, हवा बाहेर काढायची. कूनला बोलवायला हवं होतं, त्याने बघितलं असतं कसं करतात ते.

रेन्स्के : बोलावू पुढच्या वेळी.

हार्म : जड वाटतोय आज.

वीप्के : कापड जाड आहे ना.

हार्म : हो, हल्ली असं कापड मिळत नाही. नीट दाबून घे, वीप्के. आणि गाल लावून बघ एकदा शेवटचं. जरा जरी ओल राहिली ना आत, तर हिवाळाभर बुरशी खाते सगळं.

वीप्के : बघितलं, हार्म. तू बांध गाठ.