चौदा महिन्यांनी ऑम्लेट

रविवारी सकाळी नाश्त्याच्या हॉटेलापुढची रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. रांगेतल्या एक शिक्षिकाबाई कंटाळून घरी निघणार, तेवढ्यात त्यांच्या पुढचे म्हातारे गृहस्थ लेकीशी बोलू लागले.

"समोर तिसऱ्या मजल्यावरची खिडकी बघ. तीच माझी."

"बाबा, आज तरी हॉस्पिटलकडे बघू नका."

"घशाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून पोटात नळी, चौदा महिने तोंडाने एक घास नाही. तिथे होतो तोवर दर रविवारी वरून ही रांग बघायचो. एखादा माणूस हेरायचा आणि तो आत गेला, की मनातल्या मनात त्याच्याबरोबर खायला बसायचं."

"मला कधी बोलला नाहीत."

"तू माझ्यासमोर डबासुद्धा उघडायची नाहीस. तुला काय सांगणार?"

"डॉक्टरांनी मऊच खायला सांगितलंय. घास अगदी छोटा घ्या."

"ऑम्लेट मऊच असतं गं."

आत बाईंना त्यांच्या शेजारचंच टेबल मिळालं. ऑम्लेट आलं. म्हाताऱ्यांनी त्याचा कोपरा तोडून तोंडात ठेवला आणि डोळे मिटले. लेकीने टेबलाची कड घट्ट धरली. बाईंचा कप ओठांपाशीच थांबला.

"बाबा? गिळताय ना?"

म्हाताऱ्यांनी थांब म्हणून एक बोट वर केलं.

"बाबा?"

"गेला."

"नीट गेला? दुखलं नाही ना?"

"गरम आहे गं. कुठे कुठे जातोय ते कळतंय. पार खालपर्यंत गरम."

"मग रडताय कशाला? ठसका लागेल."

"जरा बोलू नकोस. अजून एक घेतो."