फुलपाखराचा कोश

बाबा : ज्यानं हा कागद काढलाय ना, त्याच्या घरात पोर नसणार. असलंच तर ते आजोळी धाडून हा निवांत लिहीत बसला. ‘सुट्टीत घरी करा : फुलपाखरू सप्ताह.’ करा म्हणे. हुकूम सोडायला यांच्या बापाचं काय जातं?

आई : शाळेचा उद्धार नंतर कर, आधी मला दारातून आत येऊ दे. कामावरून यावं तर ही रद्दी.

(जमिनीवर पुठ्ठ्याचे तुकडे, डिंक. बाबाच्या कोपराला कागदी पंख चिकटलाय. त्याला पत्ता नाही.)

मुलगी : रद्दी नाही गं, कोश आहे. मी आणि बाबानं केलाय.

आई : असा? यात अळी झोपणार कुठे?

बाबा : शब्दकोशात अळी कशाला झोपेल?

आई : कसला कोश म्हणालास?

बाबा : हे बघ, स्वच्छ छापलंय. ‘कोश तयार करा.’

आई : अरे देवा. अळी स्वतःभोवती करते तो कोश. काडीला लोकर गुंडाळायची, संपलं.

मुलगी : आम्ही सकाळपासून करतोय.

आई : आणि तू प्रूफं तपासून पोट भरतोस. लोकांच्या चुका काढायचा पगार घेतोस.

बाबा : ‘अळीचा’ एवढा एक शब्द जास्त लिहिला असता तर त्याचा हात मोडला असता का? मी आठवड्याची रजा काढली, छाती फुगवून म्हटलं, पोरीला मी बघतो, तू बिनघोर जा. आणि घरातली बावळट अळी मीच निघालो.

आई : बघू तरी. अंडं, अळी, पंख, मिशी. एवढंच?

मुलगी : फुलपाखराचे शब्द संपले. मग आपल्या घरातले घातले. अर्थ माझे, शुद्धलेखन बाबाचं.

आई : ‘आत्ता आलो : जेवण गार झाल्यावर.’ ‘बघू : नाही.’ ‘हं : ऐकलं नाही.’ हे तू तपासलंस?

बाबा : मी वेलांट्या बघत होतो. अर्थाकडे लक्ष नव्हतं.

आई : ‘हं’पुढे तेच लिहिलंय तिनं.

बाबा : हसतेस काय? पुढचा वाच. ‘झालंच माझं : अजून अंघोळ बाकी.’ तो शब्द माझा नाही.

आई : असू दे, असू दे. हा ‘उद्या’ कोरा का ठेवलाय?

मुलगी : त्याचा अर्थ बाबालाच ठाऊक. रोज म्हणतो, उद्या मागच्या बागेत जाऊ, खरी अळी शोधू. आता सप्ताह संपला.

बाबा : अगं, हे कापाकापीचं आवरता आवरता… बघू आपण…

आई : जपून. तो शब्द कोशात आलाय.

मुलगी : बाबा, बाहेर अजून उजेड आहे. पेन्सिलला टोक काढून ठेवलंय. ‘उद्या’पुढे काय लिहू, सांग.