दोन्हीकडून आलेलं

यशोदाबाई : चामखीळच हाय ती. घोड्याच्या शेपटीचा केस बांधला व्हता मी, आणिक थोडे दिस राहू दिला असता तर गळून पडली असती.

(नांदेडमधल्या एका दवाखान्याबाहेरचा ओटा. यशोदाबाई, आणि त्यांची सून अयोध्या, जी त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगी. सहा वर्षांची साक्षी अयोध्याच्या मांडीवर झोपलेली. साक्षीचे वडील भारत औषधं आणायला गेलेत.)

अयोध्या : चामखीळ नाही, आत्या. चरबी आहे. रक्तातली चरबी साठून कोपरावर आली म्हणून दिसली तरी. तीच काळजाच्या नळ्यांत बसलीय, ती कुणाला दिसणार?

यशोदाबाई : हिला चरबी? तूप दावलं की तोंड फिरवती. बरगड्या बघ पोरीच्या! डाक्टरला म्हणावं, चष्मा पूस.

अयोध्या : खाण्यानं नाही झालं. जन्मतःच आलंय. रक्तातली चरबी साफ करणारं जीन प्रत्येकाला दोनदा मिळतं, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडलेलं असलं तर माणूस धडधाकट दिसतो आणि चाळिशीच्या आसपास अचानक जाऊ शकतो. हिची दोन्ही बिघडलीत.

यशोदाबाई : म्हंजे भारतकडून बी अन् तुझ्याकडून बी?

अयोध्या : मागच्या वेळी आमचं रक्त घेतलं होतं ना. दोघांतही निघालं. डॉक्टरांनी विचारलं, नात्यातलं लग्न का? म्हटलं, हो, मी यांच्या मामाची मुलगी.

यशोदाबाई : मग त्यात काय चोरी हाय? मामाच्या पोरीवर हक्कच असतोय. परकी आणली असती तर तिनं मला कवाच गोठ्यात झोपवलं असतं.

अयोध्या : तुमच्यासारखी माया कुणी लावली नसती, हे मी नाही म्हणते का? पण माझे अप्पा कसे गेले ते आठवा.

यशोदाबाई : दादा? कंधारच्या बाजारात. बैलाचा सौदा करता करता बसला, उठलाच न्हाई. चाळीस बी भरली नव्हती. आमचा बाप बी तसाच, हातातला घास हातात. पुण्यवान घर म्हणतेत आमचं. खाटंवर पडून कुणी सोसलं न्हाई.

अयोध्या : ती पुण्याई नव्हती, आत्या. हेच होतं.

यशोदाबाई : ...दादाकडून तुला आलं, कबूल. मग भारतला कुठून? त्याच्या बापाच्या घरात तर समदी काठी टेकत टेकत गेली.

(अयोध्या साक्षीच्या अंगावरचा पदर सारखा करत राहते.)

यशोदाबाई : बोल की.

अयोध्या : तुमच्याकडून.

यशोदाबाई : मी तर जिती हाय.

अयोध्या : बायकांना उशिरा त्रास होतो. तुमचंही रक्त द्यायचंय.

यशोदाबाई : माझं मरू दे. ही बरी व्हती का?

अयोध्या : बरी नाही होत. गोळ्या, जन्मभर. त्यानं किती उतरतं ते बघायचं. नाही उतरलं तर मशीनवर रक्त धुवायला हैदराबाद. काळजाची तपासणी होईपर्यंत धावू देऊ नका म्हणालेत.

यशोदाबाई : हिला? पाय जमिनीला लागतेत का हिचे कधी?

अयोध्या : आत्या, शुक्रवारी ऋतुजाला कुंकू लावायला जायचं नाही.

यशोदाबाई : हे काय नवीन? दादाच्या तिरडीपाशी जबान दिलीय मी, दोन्ही पोरी माझ्याच घरात येतील. अन् भारतच्या पाठचा आमचा आदिनाथ तिच्या नावानं एकटाच हसून राहिलाय.

अयोध्या : मला नाही का माहीत? माझी बहीण आहे ती. रोज त्याचंच सांगते. पण दोघांचं रक्त तपासल्याशिवाय नको. दोघांतही निघालं तर...

यशोदाबाई : तर काय?

अयोध्या : तर अजून एक साक्षी.

यशोदाबाई : ...बरं. वहिनीला सांगते, पत्रिका जुळत न्हाई. मोडल्याचा बोल माझ्यावर येऊ दे. रक्तात खोट हाय असं चार गावात झालं तर ऋतुजाला कोण करून नेईल?

अयोध्या : आणि पत्रिका जुळली नाही म्हणून ती दवाखान्यात जाईल? तिच्यातही असेल हे. एक दिवस तीही बसल्या जागी गेली तर काय म्हणायचं, पुण्यवान?

यशोदाबाई : टोचू नको गं. तुझा बाप असता तर मला असं बोलली असतीस का?

अयोध्या : ते असते तर बोलायची पाळीच आली नसती.

यशोदाबाई : ...लाव फोन तुझ्या आईला.

अयोध्या : साक्षीचे पप्पा येऊ देत ना.

यशोदाबाई : त्याचं तोंड बघितलं की मला बोलवणार न्हाई. लाव. ...हां, वहिनी, मी यशोदा. झोपलीय साक्षी. ...न्हाई, शुक्रवारी आमी तिकडं येत न्हाई. तुमीच या नांदेडला, ऋतुजाला घेऊन. ...समदं सांगते, काहीच लपवत न्हाई. रडू नका, आधी ऐका. ...पोशाख? न्हाई वहिनी, आदिनाथला पोशाख नका घेऊ. पोरीला तेवढं उपाशीपोटी आणा.