टाकीचं झाकण

हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते. ऐन उन्हाळा, त्यात वीज गेलेली.

"अहो, आधी झाकणाचं विचारा."

"विचारतो गं. झोपाळा काढला तिथं फरशी किती लागेल, तेही विचारायचंय."

"फरशी राहू दे. आधी झाकण."

"बरं. पाण्याच्या टाकीला झाकण हवंय. अंगणातली, जमिनीतली टाकी आहे."

"साधं देऊ की कुलपाचं?" दुकानदारानं विचारलं.

"साधं चालेल."

"कुलपाचंच द्या हो, दादा."

"कुलूप कशाला आता? आपल्या घरात कोण उरलंय पडायला?"

"शेजारणीचं धाकटं चालायला लागलंय. काल आपल्या फाटकापर्यंत आलं होतं."

"मग कुलपाचं द्या."

"गेल्या उन्हाळ्यात कुंड्या झाल्या, फाटकाला रंग झाला, झोपाळा झाला. झाकण तेवढं राहिलं."

"झोपाळा आधी टांगा, असं कोण मागे लागलं होतं?"

"मीच. आपल्या पोरानं हट्टच धरला होता ना. आणि टाकीवर फळी टाकली की भागेल, असं तुम्ही म्हणालात."

"हो. म्हणालो."

"साहेब, माप आणलंय का? अंदाजानं नेलेलं झाकण बसत नाही," दुकानदार म्हणाला.

नवऱ्यानं पाकिटातून एक चिठ्ठी काढली. ती घड्यांवर फाटायला आली होती. दुकानदारानं ती दाराकडच्या उजेडात धरली.

"किती जुनी चिठ्ठी ही! आकडेच पुसलेत. पुन्हा मोजून आणा."

"छत्तीस बाय तीस," दोघंही एकदमच म्हणाले.