सुरमईच्या पेटीतला हार्मोन

मोठ्यांना एकदा सांगून कळतं का? आमचे काका मासळी विकतात; आजोबांचं मिठागर होतं. अंबरनाथच्या आमच्या लॅबला सुट्टी, म्हणून जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी हार्मोनची गोठवलेली कुपी कुरिअरने बदलापूरला घरी आली. मी ती फ्रीजरमध्ये ठेवून बाहेर पडले आणि लाइट गेली. कुपी वितळली की माझा प्रोजेक्ट बुडाला! फोनवरच ओरडले, "काका, कशालाही हात लावू नका!"

घरी आले तर फ्रीजर रिकामा.

"माझ्या सुरमईच्या पेटीत आहे, बाय. बर्फात मीठ घातलंय, जास्त गार राहतं. मिठागरवाल्यांना शिकवू नको."

थर्मामीटर घातला. उणे पंधरा. मी पेटीचं झाकण परत लावलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सरांनी कुपीची पिशवी हुंगली. "हा हार्मोन माणसाचाच ना?"