कापलेले आलाप

डॉक्टर : हा घ्या तुमचा पेनड्राइव्ह. मला नको.

बाई : डॉक्टर, हे ग्रंथालय आहे. जरा हळू.

डॉक्टर : कशाला हळू? या संगीत कक्षात आपण दोघंच तर आहोत. मी काय सांगितलं होतं तुम्हाला? मुलगी व्हायोलिन वाजवते, तिची पहिली मैफल आहे, मला शास्त्रीय संगीतातलं ओ की ठो कळत नाही. ऐकायला काहीतरी द्या.

बाई : दिलं की. नव्या माणसाला आवडेल असंच निवडून दिलं. तुम्हीच म्हणालात, पेशंटचे दात कोरतानासुद्धा लावून ठेवतो.

डॉक्टर : ठेवत होतोच! पेशंट माना डोलवायचे. मला ओरडावं लागायचं, डोलू नका, जीभ कापली जाईल!

बाई : मग बिघडलं कुठे?

डॉक्टर : मैफलीत. तिनं वाजवायला घेतलं. अगदी संथ. एकेक स्वर ओढत बसली. साथीदार शेजारी हात बांधून गप्प. मला वाटलं, वाद्य लावतेय.

बाई : अरे देवा.

डॉक्टर : देवाला मध्ये आणू नका, ही करणी तुमची आहे. संपेचना ते! मी पहिल्या रांगेत. मेव्हण्याला म्हटलं, हे व्हायोलिन बदलायला हवं, सुरात यायला फार वेळ घेतंय. मग त्याला नव्या गाडीचे फोटो दाखवले. मागून कुणीतरी शुक्‌ शुक्‌ केलं, तर वळून त्यालाच म्हणालो, "अहो, सुरू व्हायचंय अजून."

बाई : मोठ्यानं?

डॉक्टर : दवाखान्यात दिवसभर ड्रिलच्या वर आवाज काढायचा. हळू बोलणं येतंय कुणाला! शेवटी साथीदारानं ठेका धरला आणि मी टाळी वाजवली. एकट्यानं. म्हटलं, चला, लागलं एकदाचं.

बाई : नंतर तिला भेटलात?

डॉक्टर : भेटलो ना. पाठीवर थाप मारून म्हणालो, "झकास! सुरुवातीची जुळवाजुळव तेवढी लांबली."

बाई : जुळवाजुळव म्हणालात?

डॉक्टर : हो. ती काय म्हणाली ऐका. "बाबा, तो माझा आलाप होता. वर्षभर मी तेवढाच घासला. पुढच्या मैफलीला येऊ नका." तेव्हापासून जेवताना मीठसुद्धा आईकडून मागवते. मग मी तुमच्या त्या रचना दुसरीकडून मिळवून ऐकल्या. प्रत्येकीच्या आधी हा एवढा मोठा संथ भाग! गेला कुठे तो?

बाई : मी कापला. नव्या माणसाला देताना सगळ्यांचाच कापते.

डॉक्टर : आणि वर सांगताय!

बाई : शाळेत शिकवत होते ना, तेव्हा आलाप लावला की पोरं बाकाखाली शिरायची. एकदा नुसता शेवटचा जलद भाग लावला, तर बाकांवर चढून नाचली. त्या दिवसापासून मी आधी शेवट ऐकवते. गोडी लागली की माणूस आपणहून मागे जातो.

डॉक्टर : गेला कुणी? इतक्या वर्षांत एक तरी माणूस आला इथे आलाप मागायला?

बाई : तुम्ही आलात.

डॉक्टर : मी भांडायला आलोय!

बाई : तेही चालेल.

डॉक्टर : हसू नका. मी अर्धीच दाढ उपटून पेशंटला म्हणतो का, गोडी लागली की या? नुसतं सांगायचं तरी, "डॉक्टर, याच्या आधी बरंच काही असतं." तेवढ्यानं भागलं असतं माझं!

बाई : आणि तुम्ही हो? मुलगी घरात वर्षभर तेच घासत होती. भिंतीपलीकडे! एकदाही विचारलं नाहीत, काय वाजवतेस म्हणून? माझ्या कात्रीवर ओरडताय, तुमचे कान कुठे होते?

डॉक्टर : मी दार लावून घ्यायचो. बातम्या ऐकू येत नव्हत्या.

बाई : बातम्या!

डॉक्टर : विचारलं असतं तर तिला कळलं असतं, बापाला यातलं काही येत नाही. मला गुपचूप शिकून तिला थक्क करायचं होतं.

बाई : केलंत.

डॉक्टर : टोमणे नकोत.

बाई : बरं. माझंही चुकलंच. पोरांना झेपत नाही म्हणून कापलं, आणि पुढे दिसेल त्याला पोरच समजत गेले. बसा त्या खुर्चीत. हे अख्खं लावते.

डॉक्टर : यात शोधायचं काय?

बाई : काहीच नाही. वाद्य लावणारा स्वर जुळला की तो सोडतो आणि पुढच्या तारेकडे जातो. आलापात स्वर जुळला की तिथेच राहतात. तो राहील तिथे तुम्हीही राहा. बास.

(दोघे ऐकत बसतात. बराच वेळ जातो.)

डॉक्टर : कंटाळा आला.

बाई : येऊ दे.

डॉक्टर : चिडचिडही होतेय. हा वर जाणार होता, मग मागे का फिरला? पोचला होता की!

बाई : पोचला होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

डॉक्टर : थांबा. हे बंद करा. तिला फोन लावतो.

बाई : आत्ता?

डॉक्टर : आत्ताच. घरी गेलो तर हिंमत होणार नाही. स्पीकरवर टाकतो, तुम्हीही साक्षीला राहा. ... हॅलो?

मुलगी : काय आहे?

डॉक्टर : काय करतेस?

मुलगी : रियाजाला बसतेय. आईला देऊ?

डॉक्टर : नको. फोन बाजूला ठेव आणि वाजव.

मुलगी : कशाला? जुळवाजुळव ऐकायला?

डॉक्टर : बोल. अजून बोल.

मुलगी : बोलायचंच नाहीये मला. बाबा, सगळं सभागृह बघत होतं. माझ्या गुरूंना तुम्ही सांगितलंत, सुरू व्हायचंय अजून!

डॉक्टर : ते तुझे गुरू होते?

मुलगी : हे बघा. हेही माहीत नाही. मी काही माफ-बिफ केलेलं नाही.

डॉक्टर : करू नकोस. मी ऐकायला फोन केलाय.

मुलगी : ठेवते बाजूला. पण मध्ये एक शब्द बोललात ना, तर कट करीन.

बाई : डॉक्टर, सुरू झालं का हो?

डॉक्टर : नाही. तारा लावतेय अजून.

बाई : आणि हे? आता एकाच स्वरावर राहिलीय.

डॉक्टर : बाई, बोलू नका.