आंदणाची स्कूटर

—अहो, बसा ना तिच्यावर! असे लांबूनच काय पाहून राहिले, काही चावत नाही ती. टाका टांग. असं नाही, असं— हिचं मधलं पोट उंच आहे, साध्या स्कूटरसारखा पाय सरळ आत नाही जात, फटफटीसारखी टांग टाका लागते. हां, आता बसले खरे! कसं वाटते? गादीवर बसल्यासारखं वाटते का नाही? केशोरीत आहे का तुमच्याकडं अशी एखादी? नाही ना? केशोरीत काय, पूर्ण गोंदिया जिल्ह्यात दाखवा मले दुसरी. मुर्रीत शिरल्यावर तुम्ही मोठ्या स्कूटरवाल्या चैनलालचं घर विचारलं, तं पहिल्याच माणसानं बोट दाखवलं असंल. आमच्या पोवार समाजाची तीस घरं आहेत गावात, दोन चैनलाल आहेत, पण स्कूटरवाला मी एकटाच. मॅक्सी स्कूटर म्हणतात हिले. इंजिन दीडशेच्या वरचं, समोर दोन-दोन लाइट, अन् मांगं डिक्की— उघडा, उघडा— पाच पायल्या तांदूळ मावते तिच्यात. दोन हजार सातची आहे. चार वर्सं झाली, पण मीटर पहा. काही चालली नाही बिचारी.

सुरू करून पाहता? थांबा, मी करतो, तिची एक खोड आहे. रोज सकाळी मी सुरू करतोच, नाही तं बॅटरी बसते— दातण झालं की पहिलं काम हे, मंग बैल. अन् घेणाराले खोटं कायले सांगू, हिच्यासंगं राहणं सोपं नाही. कंपनीनं बनवणंच बंद केलं. मांगच्या सालात क्लचचा पट्टा तुटला तं पूर्ण गोंदिया पालथं घातलं, मिस्त्री म्हणे, काका, ह्याच्यापेक्षा हत्तीचा पाय बसवून देतो, तो भेटंल. शेवटी नागपूरवरून आणला. पेट्रोल पिते. गल्लीत वळत नाही, धानाच्या बांधीत धुऱ्यावरच्या पायवाटेनं तं नेऊच नका, एकदा मी नेली अन् चिखलातून काढाले चार माणसं लागली. रामकली, म्हणजे घरवाली आमची, ती म्हणे, दोन खंडी धानाची जागा अडवून उभी आहे, काढून टाका. पण रोडवर! रोडवर भाऊ, साठच्या वर गेली की अशी जमते, पोटातलं पाणी हलत नाही. मोकळ्या रोडवर हिच्यात काही दोष नाही. हे मी कोणापुढंही सांगीन. दोष नाही.

पसंत कोणी केली? मीच केली, दुसरं कोण! सगळे म्हणून राहिले, चैनलाल, साधी मोटारसायकल घे, अर्धा जिल्हा तीच घेऊन राहिला. पण म्हटलं, अर्धा जिल्हा घेते तेच मी काऊन घेऊ? आमच्याकडं आंदण मांडवात मांडून ठेवतात, आलमारी, पलंग, भांडे, गाडी, अन् दोन गावचे लोक फिरून फिरून पाहतात— तिथं मोटारसायकल ठेवली तं कोणी मान वळवून पाहणार नाही. शोरूमवाला मोठा गोड माणूस, म्हणे, "अंकल, पूरे गोंदिया में पहली आपके घर जाएगी।" बस, तिथंच मी गार! बसून पाहिलं, दोन्ही पाय जमिनीले पुरले, आरशात स्वतःलेच पाहिलं, म्हटलं, बांधा पावती. अन् मांडवात काय झालं माहीत आहे? नवरदेवाले पाहाले कमी अन् गाडी पाहाले जास्त लोक. व्याही म्हणे, पोवारांत असं आंदण कोणी दिलं नव्हतं. मी मोठा झालो ना त्या दिवशी. खोटं कायले बोलू, फार मोठा झालो.

हो, पोरीच्याच लग्नातली आहे. योगेश्वरीच्या. मंग माझ्याकडं कशी? आली परत. तुम्ही गाडी पहा ना.

काय म्हणाले? जावयासाठी पाहिजे? तुमच्या? अहो, मघाशी तुम्ही म्हणाले, शेतावर जायाले पाहिजे! थांबा, थांबा, बंद करतो, आवाजात काही ऐकू नाही येत. सांगा आता. टीना नाव पोरीचं, बरं. मांगच्या उन्हाळ्यात लगन झालं. देवरीकडं दिली. अन् जावई म्हणते, पहिले गाडी पाहिजे, मंग राखीले धाडतो. मोठीच गाडी पाहिजे म्हणते, लहान नाही चालत. अन् तुम्ही धावत आले केवलरामभाऊ, बरोबर आहे, पोरीचा बाप धावतेच. गाडी गेली की पोरगी कधीही येऊन जाईल, असं वाटते ना तुमाले? मलेही असंच वाटलं होतं. डिट्टो.

उतरा जरा. उतरा म्हणतो. किती उंच आहे टीना? अहो, असं काय पाहता, साधं विचारून राहिलो— तुमच्या कानापर्यंत? खांद्यापर्यंत? माझी योगेश्वरी माझ्या खांद्याच्याही खाली होती. आईवर गेली. कॉलेजले लहान मोपेडनं जात होती, पाऊसपाण्यातही, डरत नव्हती बिलकुल. म्हणून तं मी स्कूटर घेतली, की पोरीलेही चालवता आली पाहिजे. सगळ्याले हेच सांगितलं मी. पण तिले शोरूमात नेलं का? नाही नेलं. जिचं लगन तिले कोण नेते गाडी पाहाले! सासरी गेल्यावर पहिल्या महिन्यातच म्हणाली, बाबा, गाडी भारी आहे, पण माझे पाय नाही पुरत. मी म्हटलं, पुरतील, शिक. जशी काही उंची शिकून वाढते!

तुमच्याकडं मुराळी पाठवतात ना? आमच्याकडं तं पोरगी एकटी येतच नाही. आखाडी असो, राखी असो, पोळा असो, माहेरचं कोणी तरी जाते, ओट्यावर बसते, पाणी पिते, सासूच्या चार गोष्टी ऐकून घेते अन् पोरीले घेऊन येते. मुराळी दिसला की सासरच्याले नाही म्हणता येत नाही, अन् पोरीलेही कळते की आपल्यामांगं कोणी आहे. पहिल्या आखाडीले मीच गेलो. बसनं देवरी, तिथून पुढं दोन कोस पायी, अन् अंगणात पाहतो तं माझी गाडी उभी! मले हासू आलं. म्हटलं, येडा आहेस का चैनलाल, एवढी मोठी गाडी दिली अन् तूच बसमध्ये धक्के खाऊन राहिला! तिथंच सांगून आलो सगळ्यादेखत, आता मुराळी बंद. गाडी आहे, पोरगीजावई जोडीनं येतील. व्याही मान हलवत होता. योगेश्वरी दारात उभी होती. अन् जोडीनं कोण आलं? एकदाही नाही. लोकेंद्र, आमचा जावई, गाडी घेऊन रोज देवरीले फिरे, चाबी आपल्या कमरेले.

दुसऱ्या सालात धान रोवण्याच्या दिवसांत आली ती एकटीच. चाबी कशी भेटली कोण जाणे. देवरीवरून आमगाव, आमगाववरून इकडं, साठ-सत्तर किलोमीटर आली चालवत, साडी खोचून. म्हणतो ना, मोकळ्या रोडवर हिच्यात काही दोष नाही. चालती गाडी पडत नाही भाऊ, थांबताना पडते. इथं, घरापासून तीन किलोमीटरवर रेल्वेचं फाटक बंद झालं, थांबा लागलं तिले. पाय टेकवाले गेली. सव्वाशे किलोच्या वरची गाडी अन् त्या पोरीचा पाय अधांतरी— आडवी झाली गाडी, अन् बाजूनं ट्रक सरकून राहिला होता. त्याचीही चूक नाही म्हणतात. मी बांधीत होतो, चिखलात. माणूस सांगाले आला तं मी त्याले म्हटलं, गाडीले काही लागलं का? आधी हेच निघालं तोंडातून. मले वाटलं, ती तं ठीकच असंल.

बारा दिवसांनी आंदण परत आलं. लेकरूबाळ नव्हतं, म्हणून व्याह्यांनी सारं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून धाडलं— पलंग, आलमारी, भांडे, अन् सगळ्यात वर दोरीनं बांधलेली ही. दोन गावचे लोक पुन्हा पाहाले आले.

कायले निघाली होती? आता मी काय सांगू! काही त्रास असंल. फोन आला होता तिचा आदल्या दिवशी, पण रेंज नव्हती, काही ऐकूच नाही आलं, नुसती घरघर. रामकलीले तेच सांगितलं मी, सोयऱ्यालेही तेच— रेंज नव्हती. बांधीत रेंज येतच नाही आमच्या.

येते.

येते रेंज. चांगली येते. चौदा बाया रोवण्यावर होत्या, मी धुऱ्यावर उभा, फोन कानाले. म्हणाली, बाबा, मुराळी धाडा. बस, एवढंच. रडली नाही, काही नाही. मी मोठ्यानं हासलो, बायांले ऐकू जाईल असा बोललो— एवढी मोठी गाडी दिली तुले, अन् मुराळी कायले पाहिजे? ये चालवत महाराणीसारखी! बाया हासल्या. ती म्हणाली, बाबा, माझे पाय नाही पुरत. मी ऐकलं. बरोबर ऐकलं. अन् फोन खिशात ठेवला, काऊन की तिकडं चिखलणी मांगं पडून राहिली होती. मारत होते का तिले, उपाशी ठेवत होते का, काय होतं, मी विचारलंच नाही, अन् आता कोणाले विचारू? रामकलीले नाही माहीत हे. तुम्ही तं ना सोयरे ना गाववाले, तुमाले कायले सांगितलं मी, कोणास ठाऊक.

नाही, नाही, पैसे बाहेर काढू नका. ठेवा खिशात. नाही द्यायची मले गाडी. घरात सडू द्या तिले. टीनाचा फोन कधी आला होता तुमाले? परवा? काय म्हणाली? आठवा नीट. "बाबा, कधी येता", बस? पुढं काहीच नाही? एवढंच म्हणतात केवलरामभाऊ त्या. बाजूले सासू उभी असते, एवढंच म्हणतात! तुमाले वाटते पोरगी सुखात आहे, म्हणून कमी बोलते.

उठा. गोंदियावरून दुपारची बस आहे देवरीची, पकडा. रिकाम्या हातानं जा. जावई म्हणंल गाडी कुठं आहे, तं म्हणा नाही आणली. सासू तोंड करंल, करू द्या. त्यांच्या ओट्यावर बसा अन् म्हणा, मी मुराळी आलो, पोरीले न्यायाले. नाही धाडली तं उठू नका, दोन दिवस बसा, चार दिवस बसा, लोक जमतील, जमू द्या. तुमची तं फोनवर बोलून राहिली अजून.

माझ्याकडं काय पाहून राहिले? चहा नाही पाजत मी तुमाले. निघा.